वुजूपासून न्हाणीपर्यंत : गिझर, गॅस की सोलर?

थंडीच्या दिवसांत फजरची अजान होते, तेव्हा नळाचे पाणी दिवसभरातले सर्वात गार असते. तरुणांचे निभावून जाते. पण सांधेदुखी असलेली दादी, दम्याचे आजोबा, नुकतेच नमाज शिकू लागलेले मूल यांच्यासाठी ते पाणी कोमट असणे ही चैन नव्हे. त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत आता थंडीत येऊ लागला आहे. सहेरीची गडबड, वुजू, कुणाचा गुस्ल, मग शाळा-कामासाठी आंघोळी, सगळे एकाच तासात. हे पाणी कशावर तापवायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत दुकानदारच घेतो. तो आपण घ्यावा, त्यासाठी हा लेख.

आधी पाण्याचा हिशोब. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये अशा ८६० किलोकॅलरी असतात. एवढे माहीत असले की कोणत्याही जाहिरातीची परीक्षा घेता येते. नाशिक किंवा मालेगावच्या जानेवारीत टाकीतले पाणी १८ अंशांवर असले आणि आंघोळीला ४० अंशांचे हवे असले, तर वीस लिटरच्या बादलीला ४४० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पाच माणसांना रोज अडीच युनिट, महिन्याला ७५. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर पाणी मुळातच २५ अंशांच्या आसपास असल्याने तिथे बादलीला एक तृतीयांश युनिट पुरते.

हा हिशोब बादलीचा आहे. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते, म्हणजे आठ मिनिटांच्या शॉवरला तीन-चार बादल्या. तिथे कितीही ‘स्टार’ असलेले यंत्र आणा, बिल वाढणारच.

वुजूचे गणित मात्र अगदी वेगळे आहे. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू आणि एका साअपासून पाच मुद्दांपर्यंतच्या पाण्यात गुस्ल करीत, असा हदीसमध्ये उल्लेख आहे. मुद्द म्हणजे ढोबळमानाने पाऊण ते एक लिटर. आपण दोन लिटर धरू. तेवढे पाणी १८ वरून ३५ अंशांवर न्यायला एका युनिटचा पंचविसावा भागही पुरतो. पण यासाठी आपण काय करतो? पंधरा लिटरचा गिझर पूर्ण तापवतो, त्यात पाऊण युनिट जाते, आणि गरम पाणी नळापर्यंत येईतो निम्मे वुजू गार पाण्यातच होऊन जाते. चार-पाच माणसांच्या वुजूसाठी चुलीवरचे किंवा गॅसवरचे एक पातेले आणि बदना, हा जुन्या घरांतला रिवाज आजही सर्वात काटकसरीचा आहे. नळच हवा असेल तर बेसिनजवळ तीन लिटरचा इन्स्टंट गिझर लावावा.

आता विजेचा गिझर. १५ लिटरच्या टाकीतले पाणी ६० अंशांवर तापवून त्यात गार पाणी मिसळले की २८ लिटरच्या आसपास आंघोळीजोगे पाणी मिळते, म्हणजे दीड बादली. २५ लिटरच्या गिझरमधून सव्वादोन बादल्या. दोन किलोवॅटच्या गिझरला १५ लिटर तापवायला वीस-बावीस मिनिटे लागतात. पाच-सहा माणसांच्या घरात एकामागून एक आंघोळी होत असतील तर २५ लिटरचा घ्यावा. दोघांच्या घरात तो उगाच.

गिझरवरच्या तारांबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. हे तारे मुख्यतः एकाच गोष्टीचे आहेत : तापलेले पाणी टाकीत नुसते पडून असताना किती उष्णता बाहेर जाते. पाणी तापवण्याच्या कामात एक तारा आणि पाच तारा यांत जवळजवळ फरक नसतो, कारण विजेची जवळपास सगळी उष्णता पाण्यातच उतरते. तेव्हा ज्या घरात बटण वीस मिनिटांपुरते दाबले जाते आणि लगेच आंघोळी उरकतात, तिथे पाच तारांसाठी फार जादा पैसे मोजू नयेत. ज्या घरात गिझर सकाळी लावला की जोहरपर्यंत चालूच राहतो, तिथे मात्र तारे पैसे वाचवतात. आणि त्याहून जास्त वाचवते ते बटण बंद करणे. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवला तर उष्णता कमी वाया जाते. लहान मुले असलेल्या घरात तर हे करावेच, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. गावी जाऊन आल्यावर, अनेक दिवस पडून असलेला गिझर पहिल्या वेळी पूर्ण तापवून घ्यावा.

रॉडला गिझरपेक्षा जास्त वीज लागते हा समज खरा नाही. रॉडचीही सगळी उष्णता पाण्यातच जाते. त्याला नाकारायचे कारण दुसरेच आहे, विजेचा धक्का. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळीत, लोखंडी बादलीत सोडलेला रॉड आणि पाणी तापले का पाहायला बोट घालणारे मूल, हा धोका कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे. रॉड वापरायचाच असेल तर प्लास्टिकची जाड बादली, आणि पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून पिनही काढलेली, याला अपवाद नको.

गॅसचा गिझर स्वस्त पडतो की विजेचा, हे प्रत्येक घरात वेगळे ठरते, आणि ते घरच्या घरी काढता येते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता, गिझरमध्ये वाया जाणारा भाग वजा करून, साधारण १४५ युनिट विजेइतकी भरते. नाशिकच्या थंडीतल्या २८० बादल्या, म्हणजे पाच माणसांना आठ आठवडे. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडला, तर ९०० भागिले १४५, म्हणजे ६ रुपये २० पैसे. तुमच्या विजेचा दर याहून जास्त असेल तर गॅस स्वस्त, कमी असेल तर वीज. पण इथे विजेचा कोणता दर धरायचा? महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि पुढे चौथा असे टप्पे आहेत. पंखे, फ्रिज, दिवे यांचे युनिट आधी भरतात आणि गिझरचे ७५ युनिट त्यांच्या डोक्यावर बसतात. म्हणून सरासरी दर नव्हे, तुमच्या बिलाच्या सर्वात वरच्या टप्प्याचा दर धरावा आणि त्यात प्रति युनिट वहन आकार व वीज शुल्क मिळवावे. ज्यांचे बिल शंभरीच्या आत राहते त्यांना गॅसचा मोह नको. एसी असलेल्या घराला गॅस नक्की स्वस्त पडेल.

स्वस्त पडेल, पण तो न्हाणीघरात लावू नये. हे मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहाने लिहीत आहे. गॅस गिझरची शेगडी दहा-बारा किलोवॅटची असते, म्हणजे पाच-सहा विजेच्या गिझरांइतकी उष्णता एका लहानशा पेटीत. तिला भरपूर हवा लागते. दार-खिडकी बंद असलेल्या न्हाणीत प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गळतीचा जो वास आपण ओळखतो, तो इथे येत नाही. रक्तातल्या प्राणवायूची जागा तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जोमाने घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग हातपाय असे गळतात की कडी काढायचे कळत असूनही काढता येत नाही. दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी येते आणि बऱ्याचदा त्यात आंघोळीला गेलेली तरुण मुलगी किंवा नवे जोडपे असते. यंत्र उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, धुराचे नळकांडे बाहेर काढलेले, आणि आत फक्त पाण्याची नळी, एवढी सोय होत असेल तरच गॅस गिझर घ्यावा. मुंब्रा-कौसा, भिवंडीतल्या ज्या फ्लॅटमध्ये बाल्कनी खोलीत घेतलेली आहे, तिथे त्याला जागाच नाही असे समजावे. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने आत लावून ठेवलेला असेल तर राहायला जाण्याआधी काढायला लावावा. आणि न्हाणीत कुणी बेशुद्ध आढळले तर आधी दारे-खिडक्या उघडून गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा.

सोलरकडे वळू. घाटावर, जिथे वर्षाचे आठ-नऊ महिने कडक ऊन आहे आणि थंडी खरी आहे, तिथे स्वतःचे छत असलेल्या कुटुंबाला सोलर बंबासारखी दुसरी सोय नाही. दोन-तीन माणसांना १०० लिटरचा, पाच-सहा जणांना २०० लिटरचा पुरतो. दिवसा तापलेले पाणी जाड वेष्टनाच्या टाकीत रात्रभर गरम राहते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तरी फजरला मिळते ते कालच्या उन्हाचे पाणी. काचेच्या नळ्यांचा संच स्वस्त असतो आणि थंडीत चांगला तापतो. तांब्याच्या चपट्या पत्र्याचा महाग, पण दणकट. सोलापूर-लातूरकडे बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या बुजतात. तिथे काचेच्या नळ्या बऱ्या, किंवा चपटा पत्राच हवा असेल तर हीट एक्स्चेंजर असलेला मागावा. वानरांचा उपद्रव असलेल्या गावात काचेचा विचार दोनदा करावा.

एक अडचण लांबीची. छतापासून न्हाणीपर्यंत अर्ध्या इंची नळ वीस मीटर असेल तर त्यात साडेतीन लिटर गार पाणी अडकलेले असते. आंघोळीला चालते, वुजूला नाही, कारण वुजू तेवढ्यात संपतो. नळावर वेष्टन घालावे आणि पहिले पाणी बादलीत धरून भांड्या-लादीला वापरावे.

कोकणातील आपले बहुतेक लोक शाफई मजहबचे. तिथल्या वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : उन्हात तापलेले पाणी मकरूह आहे ना? शाफई फिक्हच्या जुन्या किताबांत उष्ण मुल्कात धातूच्या भांड्यात उन्हाने तापलेले पाणी गरम असताना अंगाला लावणे मकरूह म्हटले आहे खरे. कारण होते कोड उठण्याची भीती. असे पाणी नापाक ठरत नाही आणि त्याने वुजू-गुस्ल होतो, यावर दुमत नाही. शिवाय याच मजहबचे थोर फकीह इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांनी पुरावा भक्कम नसल्याने ही कराहत मानलेली नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या बिघाडाचा विकार आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. तरी मनात किंतु राहिला तर मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून मगच पैसे खर्चावेत.

कोकणाबद्दल माझे मत थोडे वेगळे पडते, आणि त्याचे कारण फिक्ह नाही, पाऊस आहे. किनाऱ्यावर गरम पाण्याची खरी ओढ जून ते सप्टेंबर असते, कपडे वाळत नाहीत आणि अंग ओले राहते तेव्हा. नेमके तेव्हाच ऊन नसते. विक्रेता सांगतो, टाकीत हीटर आहे ना! पण तो पूर्ण २०० लिटर पाणी तापवतो, आणि २७ वरून ५० अंशांवर न्यायला एका वेळी पाच युनिटपेक्षा जास्त वीज खातो. सोलर लावलाच तर टाकीतला हीटर बंद ठेवून पावसाळ्यासाठी न्हाणीत लहान गिझर असू द्यावा. कौलारू छपरावर तर बंब बसवताच येत नाही, वेगळा सांगाडा उभा करावा लागतो. ज्यांच्या वाडीत सोडणे, करवंट्या, झावळ्या नुसत्या पडून आहेत, त्यांनी घराबाहेरच्या पडवीत धुराडे असलेला तांब्याचा बंब ठेवला तर त्यात मागासलेपण काही नाही. धूर घरात यायला नको, एवढेच.

हीट पंप हे नवे यंत्र फ्रिजच्या उलट चालते. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडते आणि एका युनिटमध्ये तीनेक युनिटचे काम करते. किंमत मोठी आहे. दहा-बारा माणसांचे एकत्र कुटुंब, मदरशाचे वसतिगृह किंवा वुजूखान्याला गरम पाणी देऊ पाहणारी मशीद यांनी चौकशी करावी. चौघांच्या घराला ते परवडायला फार वर्षे जातील.

ज्यांनी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर विजेचे पॅनेल बसवले आहेत (तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते), त्यांनी सोलर बंबावर पुन्हा खर्च करू नये. छतावरच्या विजेवर साधा गिझर चालवावा. मात्र छत लहान असेल तर उलटे गणित : एक किलोवॅटच्या पॅनेलना शंभर चौरस फूट लागतात, तर १०० लिटरच्या बंबाचे उष्णता घेणारे पत्रे वीस-बावीस चौरस फुटांत मावतात आणि रोजची उष्णता जवळपास तेवढीच देतात.

खरेदीआधी वायरमनला बोलवून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : घराला अर्थिंग आहे का, गिझरसाठी १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट आहे का आणि ३० मिलीअँपिअरचे गळती-ब्रेकर बसवले आहे का. दोन किलोवॅटचा गिझरसुद्धा जवळपास नऊ अँपिअर ओढतो, सहाच्या सॉकेटवर तो वायर जाळतो. गिझरच्या टाकीत गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजण्यासाठीच असते आणि क्षाराच्या पाण्यात वर्ष-दीड वर्षात संपते. थंडी सुरू होण्याआधी मेकॅनिकला ती खोलून दाखवायला सांगावी आणि बोटाएवढी बारीक झाली असेल तर त्याच दिवशी बदलून घ्यावी.