बाळंतिणीचे ताट : दोन दिशांचे नाते

'बाळंतीण' हा शब्द कानडीतील 'बाणंती' आणि तेलुगूतील 'बालिंत' यांच्याशेजारी ठेवला, की त्याचे दक्षिणेकडील नाते उघड होते. हिंदीतील 'जच्चा' हा शब्द मात्र फारसीतून आलेला आहे. मराठी बाळंतिणीच्या ताटाकडे वळावे, तर दिशा पालटते. तुपात तळून फुलवलेला डिंक, खारीक, सुके खोबरे, सुंठ व गूळ यांचे लाडू ही गुजरातेतील काटलुं आणि पंजाबातील पंजीरी यांची सख्खी भावंडे होत. तमिळ घरांतील औषधी लेगियम त्यांहून बरेच दूरचे. अळिवाचे लाडू मात्र ओल्या नारळामुळे कोकणचे ठरतात. जेवणानंतर चघळावयाच्या शेपूच्या बियांना तर 'बाळंतशोपा' हेच नाव पडले आहे.

हा भेद अनुवादात महत्त्वाचा ठरतो. डिंकाच्या लाडवांना 'मिठाई' म्हटले, की त्यांमागचा सव्वा महिन्याच्या विश्रांतीचा हक्क पुसला जातो. हा हक्कही सर्वांचा नव्हे; शेतमजूर बाईच्या वाट्याला तो क्वचितच येतो. एखाद्या कथेतील सासू माहेरहून आलेला लाडवांचा डबा कुलपात ठेवते, तेव्हा ती सुनेचे काय हिरावून घेते, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. पंजाबी अनुवादकाचे 'पंजीरी' या एका शब्दाने भागेल. तमिळ अनुवादकाला मात्र मूळ नाव ठेवून वाक्यातच त्याचे प्रयोजन सुचवावे लागेल.