काडतुसाचा लॉट आणि कांद्याची गोणी

लासलगावच्या लिलावात उन्हाळ कांद्यात गोलटी मिसळलेली दिसली की बोली खाली येते, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. नेमबाजीतही हाच हिशेब चालतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. दारूत किंवा गोळीच्या वजनात किंचित फरक पडला तरी वेग बदलतो आणि नेम चुकतो. या रायफलचे काडतूस पुन्हा भरण्यासारखे नसते. पेट घेणारा मसाला त्याच्या तळाच्या कडेतच असतो. म्हणून नेमबाज रायफल पक्की बसवून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात. ज्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, तोच लॉट स्पर्धेसाठी घेतात.

आम्ही कारागीर आणि व्यापारी बंधूंना हेच सुचवू : वजन-माप एकसारखे ठेवा, प्रत्येक लॉटवर नंबर व तारीख घाला, नमुना तपासूनच माल पाठवा. पहिल्या नगावर ऑर्डर मिळते. ती टिकते शंभराव्या नगावर.