मितानिन पुन्हा शाळेत!

छत्तीसगढीत ‘मितानिन’ म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. 2002 साली छत्तीसगडने मितानिन योजना सुरू केली आणि वस्तीने निवडलेली बाई शेजारणींच्या आरोग्याकडे लक्ष देऊ लागली. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने तिला घडवण्यात मोठा वाटा उचलला.

पण एकदा शिकून भागत नाही. जुलाब झालेल्या बाळाला पूर्वी मीठ-साखरेचे पाणी पुरेसे मानत. आता जोडीला 14 दिवस झिंक द्यावे लागते. फॅल्सिपेरम मलेरियाला क्लोरोक्विन दाद देईना, तेव्हा औषधच बदलले. शिक्षण जुने राहिले, तर किंमत बाळाला मोजावी लागते. म्हणूनच घरकाम आवरून ती पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला बसते.

2005 नंतर देशभर ‘आशा’ आल्या, त्या याच वाटेने. तुमच्या दारी आशाताई आल्या, तर चहा देताना जरूर विचारा, “ताई, यंदा नवीन काय शिकलात?”