मधलं काय, कुणीही सारवतं!

कामशेतला सेकंड होम घेतलंय? सही! शनिवारी सकाळी लोणावळा लोकल पकडायची, दुपारी इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात, संध्याकाळी पवनेच्या काठावर टाइमपास. आणि घरात ‘रस्टिक लूक’ म्हणून एक तरी खोली शेणाने सारवलेली हवीच. फोटोत काय भारी दिसते!

पण फोटो नेहमी मधल्या जमिनीचा असतो. तुम्ही जरा भिंतीलगत वाकून बघा. पांढऱ्या भिंतीवर हिरवट शिंतोडे, कोपऱ्यात सुटलेले पोपडे, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात बारीक भेग आणि त्या भेगेतून ऐटीत येणारी मुंग्यांची रांग. सारवलेली जमीन मधून क्वचितच बिघडते. ती कडेने जाते.

कामशेतजवळच्या एका वाडीत एक मावशी वीकएण्डवाल्यांची घरं सारवून देतात. मी त्यांच्यासोबत एक अख्खी सकाळ काढली. कोपऱ्यातून सुरुवात, दाराकडे मागे मागे सरकत शेवट. एवढं मलाही माहीत होतं. पण मावशी आधी नुसतं पाणी घेऊन भिंतीलगतची पट्टी ओली करतात. कोरडी माती काल्यातलं पाणी झटकन शोषून घेते आणि वरचा थर सुटतो, म्हणून. मग बोटाने सांध्यात काला दाबायचा आणि हाताची करंगळीकडची बाजू भिंतीला लावून एका ओढीत पुढे न्यायचा. टेप नाही, पुठ्ठा नाही, तरी रेघ सरळ!

‘मधलं काय, कुनीबी करतंय. कोपऱ्यात पोतेरं पिळून घ्यायचं, पोरी,’ मावशी म्हणाल्या. कारण कोपऱ्यात काला साचतो. तिथे वाराही लागत नाही, त्यामुळे जाड थर उशिरा वाळतो आणि पोपडा होऊन निघतो. शेणातले न पचलेले गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात हे खरं, पण तेही पातळ थरातच.

आणखी एक गोष्ट. सगळ्या खोलीची कड आधी काढून मग मधे यायचं, असं मावशी करत नाहीत. हातभर कड झाली की लगेच मधलं तिला जोडायचं, ओल्याला ओलं. कड वाळली की जोड दिसलाच म्हणून समजा. शेवटी भिंतीच्या पायाशी वीतभर गेरूचा पट्टा. पोतेऱ्याचे शिंतोडे त्यात लपून जातात. आपल्या फ्लॅटमधलं स्कर्टिंग तरी वेगळं काय करतं?

(हे सगळं मुरूम-माती चोपून केलेल्या जमिनीसाठी. गुळगुळीत टाइलवर सारवायचा हट्ट धरू नका, टिकत नाही. आणि मावळातल्या जुलैत तर सारवायचं नावच नको. वाळणार कधी?)

मावशींच्या स्वतःच्या घरात मात्र चकचकीत टाइल्स आहेत. दर आठ-पंधरा दिवसांनी सारवायला वेळ कुणाला आहे, असं त्या हसत विचारतात. सुनेला सारवणं येत नाही, आणि शिकून करायचं काय, हाही त्यांचाच प्रश्न. गुडघे दुखतात, ते वेगळंच.

आता पैशाचं बोलू या. कॉन्ट्रॅक्टर सारवणाचा भाव स्क्वेअर फुटावर ठरवतो. हिशोब करून बघा. २० बाय २० चा हॉल म्हणजे ४०० स्क्वेअर फूट आणि ८० फूट कड. १० बाय १० ची खोली म्हणजे १०० स्क्वेअर फूट, पण कड तब्बल ४० फूट! जागा पाव, पैसे पाव, पण वेळखाऊ काम निम्मं. कोपरे तर तेवढेच, चार. छोट्या खोलीत मावशींचं नुकसान ठरलेलंच, आणि घाई केली की कड गेलीच. तेव्हा तुमची खोली छोटी असेल तर स्क्वेअर फुटाचं नाव काढू नका. थेट मावशींशी बोला, दिवसाचा पूर्ण रोज ठरवा आणि दुपारचा चहा तुमच्याकडून.