विहार आणि पवई : दोन शेजारी तलाव

शहराच्या पाणीपुरवठ्याचा पाठ घेताना मुलांचे लक्ष बहुधा धरणाची भिंत व घरातील नळ यांवरच खिळते. परंतु पाण्याची प्रत ठरते ती भिंतीच्या वरच्या अंगास असलेल्या जमिनीवर. मुंबईतील दोन तलावांच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली उमजते.

वाढत्या वस्तीस मुंबई बेटावरील विहिरी व तळी पुरेनाशी झाली, तेव्हा साष्टी बेटावर, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात, मातीचे बांध घालून विहार तलाव बांधण्यात आला. हे काम १८५६ साली सुरू होऊन १८६० साली पुरे झाले. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी केवळ उताराच्या बळावर लोखंडी नळांतून शहरात पोहोचू लागले. त्यात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावते. तो भरला की जादा पाणी सांडव्यावरून मिठी नदीत उतरते.

त्याच्या दक्षिणेस १८९०-९१ च्या सुमारास पवई तलाव तयार झाला. तोही पिण्याच्या पाण्यासाठीच होता. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही व ते इतर कामांकडे वळवावे लागले. पुढे भोवती वस्ती वाढली, सांडपाणी व गाळ तलावात येऊ लागला आणि जलपर्णी माजली. आज लोक पवईच्या काठी फिरावयास व गळाने मासे धरावयास जातात. उलट विहारचा परिसर राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात असून तेथे लोकांना मुक्त प्रवेश नाही. त्याचे पाणी आजही शुद्ध करून मुंबईस पुरविले जाते.

पाऊस दोहोंवर सारखाच पडतो. जंगलात झाडांची मुळे व पालापाचोळा माती धरून ठेवतात, म्हणून पाणी सावकाश झिरपत येते. उघड्या जमिनीवरून मात्र ते गाळ व घाण घेऊन धावते.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गाबाहेर करून दाखवावा. दोन उतरत्या फळ्यांपैकी एकीवर गवतासह मातीचे ढेकूळ व दुसरीवर नुसती माती ठेवावी. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून खाली ठेवलेल्या भांड्यांतील पाण्याचा रंग मुलांना पाहू द्यावा. नंतर त्यांना गावच्या तळ्यावर न्यावे व एवढेच विचारावे : या तळ्यात पाणी येते ते कोणत्या जमिनीवरून?