सह्या पुढाऱ्यांच्या, संसार आपला

नरखेडहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात पांढुर्णा लागते. तिथेही घराघरांत मराठी, तिथेही संत्र्याच्या बागा. पण राज्य मध्यप्रदेश. १९५६ पर्यंत नरखेड आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते व त्याची राजधानी आपले नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, पांढुर्णा तिकडेच राहिले. नागपूरची राजधानीही गेली.

या सामील होण्याच्या अटी आधीच ठरल्या होत्या. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार तो हाच. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे अशा पुढाऱ्यांच्या त्यावर सह्या आहेत. बहुतेक मंडळी काँग्रेसची. खरी सर्वपक्षीय एकी दिसली ती १९५६ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत. तिथे समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका मांडवात आले.

त्याआधी, १९५५ मध्ये, बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरील पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती. मागासलेला भाग पुढारलेल्या भागाच्या हाताखाली जाईल, ही त्यांची काळजी. फाजल अली आयोगानेही त्याच वर्षी वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही.

विदर्भातल्या जनतेचे मत मात्र कोणी मतपेटीतून घेतले नाही. गोव्याचे घेतले. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचे का, असे गोवेकरांना विचारले. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. नॉर्वेत तर सरकार युरोपच्या संघात जायला तयार असताना १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये लोकांनीच नकार दिला. पुढाऱ्यांचे एकमत आणि लोकांचे मत एकच असते असे नाही.

आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून कागदातला शब्द आधी बघतो. करारात म्हटले होते की सरकारी नोकरभरतीत प्रत्येक भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतील. संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३७१(२) आले. त्यात विदर्भ, मराठवाड्यासाठी 'पुरेशी संधी' एवढेच. प्रमाण मोजता येते. पुरेसे म्हणजे किती, हे कोण सांगणार? डी. एड. करून अर्ज भरत बसलेल्या आपल्या पोरांना या एका शब्दाची किंमत कळते.

पैशाचेही तेच. १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात जवळजवळ ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. कलमात सांगितलेली विकास मंडळे यायला १९९४ उजाडले, म्हणजे कलमानंतर ३८ वर्षे. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. पुन्हा स्थापन करायचे असे मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ठरवले.

करारातले नागपूरचे अधिवेशन सर्वांना ठाऊक आहे. मोर्चाला आपणही जातो. पण वर्षातून ठराविक काळ सगळे सरकारच नागपूरला हलवायचे, असेही त्यात लिहिले होते. अधिवेशन आटोपले की फायली मुंबईच्या गाडीत चढतात. २०२० आणि २०२१ मध्ये तर हिवाळी अधिवेशनही मुंबईतच झाले.