वारा फिरला की बेट उघडतं

आपल्या पनवेलकरांचं अभयारण्य म्हणजे कर्नाळा. तिथे फाटक आहे, तिकीट आहे, वनरक्षक आहेत. आता वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रातले खडक डोळ्यांपुढे आणा. वेंगुर्ला रॉक्स: उघडे कातळ, काही गुहा, एक दीपगृह. फाटक नाही. मग तिथे कोण जाणार आणि कधी, हे कोण ठरवतं? शिडाच्या होड्या होत्या तोवर बऱ्याच अंशी वारा ठरवायचा. माझ्या पीएचडीचा प्रश्नही साधारण हाच: बेटावर पोचणं सोपं झालं की तिथल्या पक्ष्यांचं काय होतं?

शाळेतले खारे आणि मतलई वारे आठवताहेत ना? मार्कांपुरते पाठ केले होते तेच. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटेचा वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दुपारी जमीन तापली की उलट, खारा. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. साधारण ४५ अंश बाजूला राहून नागमोडी जावं लागतं. म्हणून पहाटे मतलईवर निघायचं आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचं. या हिशेबात बेटावर जेमतेम काही तास मिळतात. शिवाय अशा कातळाला होडी लावणं म्हणजे दिव्यच, लाट जरा उंच असली की उतरायचं नाव नको. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे आले की समुद्रच बंद, तो उघडतो थेट नारळी पौर्णिमेला.

म्हणजे बेटाला कुलूप आहे, फक्त ते पावसाळ्यात लागतं. खरी गोम इथेच आहे. इथल्या गुहांत भारतीय पाकोळी राहते. चिमणीपेक्षाही लहान, पाय इतके दुबळे की तिला फांदीवर बसता येत नाही, भिंतीला नुसतं लटकता येतं. अंधारात ती टक-टक आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून वाट शोधते; वटवाघळासारखंच, पण हा आवाज आपल्यालाही ऐकू येतो. घरटं ती स्वतःच्या लाळेने सांधते. या लाळेच्या घरट्यांचं सूप चिनी खाद्यसंस्कृतीत महाग विकलं जातं. आणि तिचा विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्च ते जून, म्हणजे नेमका कुलूप उघडं असताना!

हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली बीएनएचएसच्या नियतकालिकात इथल्या सुरय पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं होतं. जागा अभ्यासकांना ठाऊक होती, तशी ती घरटी काढणाऱ्यांनाही कळली. २००१ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथली चोरी उघडकीस आणली. घरटं काढलं की पाखरू पुन्हा बांधायला घेतं, पुन्हा लाळ, पुन्हा काही आठवडे. तेवढ्यात पाऊस आला तर त्या वर्षीची पिल्लं गेलीच. इंजिनाला मतलई-खाऱ्याची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे आता दिवसाचे तासही मोजावे लागत नाहीत.

चोर नसले तरी धोका आहेच. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं, माणसांमागोमाग मांजरं आली, आणि तिथला एक न उडणारा छोटा पक्षी काही वर्षांतच नामशेष झाला. ‘दीपगृहवाल्याच्या एकट्या मांजरीने संपवला’ ही गोष्ट भारी चालते, पण ती फारच सोपी केलेली आहे. मांजरांची पिलावळ तिथे मोकाट वाढली होती. होडीतून एखादा उंदीर उतरला तरी अंडी खायला पुरतो.

म्हणून तुम्हाला असं बेट बघायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. पाकोळीची वीण तेव्हा सुरू झालेली नसते, सकाळचा समुद्रही बराच शांत असतो. परवानगीची चौकशी आधी वन विभागाकडे करा. टोपल्या, दोरखंड, जाळी किनाऱ्यावरच झटकून घ्या. आणि होडीतूनच बघा. सुरय विणीवर असताना माणूस उतरला की सगळा थवा उठतो, अंडी भर उन्हात उघडी पडतात, आणि ती शिजायला फार वेळ लागत नाही.